एका हाताची विळी

रोहा
२२ मार्च १९८४

अक्षर बघून पत्र दुसऱ्या कुणाचं समजाल, म्हणून आधीच सांगते. मी मालू, तुमची बायको. डाव्या हातानं लिहितेय. शेजारच्या काशीबाईकडून पाटी मागून आणली आणि थंडीभर गिरवत बसले. अजून 'क्ष' जमत नाही, पण ओळ आता खाली घसरत नाही.

पत्ता गुणाजीनं दिला. शिमग्याला गावी आला होता. तुमचा आयटीआयमधला सोबती म्हणून आबांनी त्याला बसवून घेतलं, चहा दिला. मग त्याच्या तोंडून हळूहळू निघालं, की तुम्ही ठाण्यात त्याच्याच कंपनीत पत्रा कापायच्या मशीनवर आहात. आबा उठून भट्टीवर गेले. आपला मुलगा जिवंत आहे की नाही हे इतके दिवस ज्याला ठाऊक नव्हतं, तो बाप काय बोलणार?

जखम भरली. उजवा हात मनगटापाशी संपतो. कोपरात धरून घागर आणते, पदर दातांनी सावरते. थंडीत नसलेली बोटं दुखतात. डॉक्टर म्हणाले असं होतं.

लोक म्हणतात, जनू लोहारानं बायकोचा हात तोडला आणि पळून गेला. मी म्हणते, तोडला नाही. गेल्या कापणीला हैबतरावांच्या शेतात तुम्ही बनवलेलं ते इंजिनावरचं चाक भात कापत होतं. भात असं सरळ आडवं पडत होतं की बांधावरचे सगळे बघत राहिले. मी पेंढ्या उचलायला पुढं झाले, ओल्या बांधावरून पाय सरकला, हात चाकावर गेला. यात तोडला कुणी? पण पळून गेला म्हणतात, ते कसं खोडू?

दवाखान्यात तुम्ही आलात, खाटेशी उभे राहून रडलात, आणि मी भिंतीकडे तोंड केलं. तुम्ही त्याच पावली निघून गेलात. मला गुंगीच्या औषधानं मळमळत होतं हो. तुमच्यासमोर उलटी नको म्हणून तोंड फिरवलं. पुन्हा वळले तर तुम्ही नव्हतात.

इंजिन आबांनी भट्टीमागं गोणपाटाखाली झाकून ठेवलंय. मोडीत दिलं नाही.

या.

मालू


रोहा
१० जून १९८४

तुमचं पत्र पोचलं. आबांना वाचून दाखवलं, पण सगळं नाही.

कातडीला लागताक्षणी थांबेल असं पातं बनवल्याशिवाय रोह्याला तोंड दाखवणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. तेवढं मी गिळलं. बाकीचं वाचलं. तुमच्या कंपनीतले इंजिनिअर सांगतात ते सगळं. परदेशात उजेडाच्या किरणानं लोखंड कापतात, पाण्याच्या केसाएवढ्या धारेनं दगड कापतात. आपण म्हातारे होऊ तोवर पात्याला डोळे फुटतील, समोर लाकूड आहे का माणूस हे त्याला आपलं आपण कळेल. आबा डोळे मिटून ऐकत होते. लोखंड तापवून पाण्यात विझवायचं, पात्याला पाणी द्यायचं, यात त्यांचा जन्म गेला. म्हणाले, "उजेडाच्या पात्याला पानी कोन देनार?" आणि हसले. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

पेरण्या तोंडावर आल्यात. कोयते, विळे, खुरपी घेऊन माणसं भट्टीवर बसून असतात. मी भट्टीचा पंखा फिरवते, ते एका हाताचं काम आहे. घण मारायला माणूस नाही. आबा एकटे मारतात आणि मध्येच थांबून घणावर रेलतात.

मला तुमच्यासारखं लांबचं दिसत नाही. मला रोजचा कांदा दिसतो. विळीवर पाय दाबून बसायला येतं, पण कांदा दोन्ही हातांनी पात्यावर रेटावा लागतो. एका हातानं रेटला की तो गरकन फिरतो आणि घरंगळत जातो. मग काशीबाई येऊन चिरून देते. तिच्या घरचं आटपेपर्यंत मी चूल पेटवून बसते. ती कधी तोंड वाकडं करत नाही, आणि त्याचंच मला जास्त लागतं. कधीकधी मी तिला बोलवतच नाही. भोपळा जमिनीवर आपटून फोडते, शिजवते, आबा मुकाट जेवतात.

ही शपथ तुम्हाला कुणी घालायला सांगितली? मी पातं मागितलं नव्हतं. तुम्ही इथं असतात तर कांदा तुम्ही चिरला असतात, एवढंच. ते पातं यायला वीस वर्षंसुद्धा लागतील असं तुम्हीच लिहिता. तोवर मी काय करू, तेही लिहा.

आबांची तब्येत ठीक आहे म्हणायची.

मालू


रोहा
२५ नोव्हेंबर १९८४

दिवाळी झाली. तुम्ही पाठवलेलं लुगडं मिळालं. नेसले नाही अजून.

यंदा मी कापणीला गेले. हैबतरावांच्याच शेतात. बायका म्हणाल्या, नको गो, तिथं कशाला जातेस. मी म्हटलं, हात तिथं गेला, पोट नाही गेलं. उजव्या कोपरात भाताची ताटं कवळायची आणि डाव्या हातानं विळा ओढायचा असं मनात ठरवून गेले होते. पण विळा चालेना. ओढला की पातं ताटांवरून वर सरकायचं, भात चुरगळायचं, कापायचं नाही. मला वाटलं हातात जोर नाही. दुपारपर्यंत हात सुजला आणि मी रडत घरी आले.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही, विळा घेतला. उजेडात तिरका धरून बराच वेळ बघत बसले.

"धार एकाच अंगानं काढलेली आसते," म्हणाले. "उजव्या हातासाठी. डाव्यात धरलास तर पातं पिकापासून पलतं."

"मग डावखुऱ्या माणसांनी काय करायचं?"

"उजव्यानं कापायचं. आजवर कुनी दुसरा मागितलाच नाय गो."

"मी मागते," मी म्हटलं.

त्यांनी तेव्हाच भट्टी पेटवली. मी पंखा फिरवला. त्यांच्या हाताला सवय उजव्या अंगाची, दोनदा धार चुकली, दोनदा पुन्हा तापवला. माझ्या मुठीत मावेल अशी बोटांच्या खाचांची मूठ बसवली. दुसऱ्या दिवशी मी शेतात सगळ्यांच्या मागं होते, माझी ओळ सगळ्यांत शेवटी संपली, पण संपली. तुम्ही बघायला हवं होतं, असं लिहिणार होते. आता लिहिलंच.

पुढची गोष्ट ऐका. कोलाडकडच्या एक गिरजाबाई भट्टीवर आल्या. लहानपणापासून डावखुऱ्या. डावा हात चालवला म्हणून आईचा मार खाल्ला, सासूचा खाल्ला. त्यांनी माझा विळा हातात घेतला, हवेत एकदा ओढून बघितला आणि तिथंच बसल्या. आबांनी त्यांनाही एक करून दिला. त्यानंतर दोन-तीन बायका आल्या. एवढ्या डावखुऱ्या माणसांत आपण राहत होतो आणि आपल्याला ठाऊक नव्हतं.

माझी आई पेणहून आली होती. त्यानं तुला टाकलीय, चल घरी, म्हणाली. मी म्हटलं, टाकली असती तर लुगडं पाठवलं नसतं. आईनं लुगड्याकडे बघितलं आणि विचारलं, मग नेसली का नाहीस?

तुमच्या पात्याचं कुठवर आलं? ओल्या कापडाला लागलं तर थांबतं, सुक्याला लागलं तर थांबत नाही, असं लिहिलं होतंत. माणूस ओला असतो का सुका?

मालू


रोहा
१४ एप्रिल १९८५

तुम्हाला एक अडचण विचारायची आहे. नवरा म्हणून नाही, फिटर म्हणून.

विळ्याच्या वेळी आबांकडे मागितल्यावर मिळालं, तेव्हापासून मी विळीकडे तसंच बघायला लागले. दुसऱ्या हाताचं काम काय, तर कांदा धरणं. मग कांदा पाटानं धरला तर? आबांनी पाटाला खालून चार खिळे ठोकले, टोकं वर आली. कांदा त्यावर दाबून बसवला की हलत नाही. पाट सरकायचा, म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले. आता पातं. सुपारीचा अडकित्ता असतो ना, तसं पात्याचं एक टोक पाटाच्या कडेला अडकवलं आणि दुसऱ्या टोकाला मूठ बसवली. मूठ उचलायची, खाली दाबायची. एका हातात काम होतं.

पहिला कांदा मी चिरला तेव्हा काशीबाई दारात उभी होती. मी तिला म्हटलं, आज तुमच्याकडचाही चिरून देते, आणा. तिनं आणला.

अडचण अशी, की पातं जिथं अडकवलंय तिथं आठवडाभरात ढिलं होतं आणि डुलतं. मासळी कापताना तर फारच. आबा रिबिट ठोकतात, ते झिजतं. तुम्ही सांगा काय करायचं.

मालू


रोहा
२ सप्टेंबर १९८५

तुमचं चित्र मिळालं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बोल्ट घातला, दोन्ही अंगांना पितळी वायसर, वर दोन नट एकावर एक आवळले. डुलायचं थांबलं. मूठ थोडी वर वाकवा म्हणजे बोटं पाटाला घासणार नाहीत, असं लिहिलं होतंत, तेही केलं. आबा चित्र हातात घेऊन म्हणाले, पोराचा हात चांगला हाय. मग ते चित्र त्यांनी भट्टीच्या भिंतीला लावलं. काजळीनं काळं होईल म्हटलं तर म्हणाले, होऊ दे.

या उन्हाळ्यात तुमची जितकी पत्रं आली तितकी दोन वर्षांत आली नव्हती. सगळ्या पत्रांत बोल्ट आणि नट, तरी मी पुन्हा पुन्हा वाचते. लग्न झाल्यावर तुम्ही भट्टीवर असायचात, मी चुलीपाशी, आपण एवढं कधी बोललो होतो?

विळी बाजारात मांडून बघितली. पहिल्या बाजाराला लोक हसले. विळीचा अडकित्ता केलाय म्हणाले. दुसऱ्या बाजाराला एक म्हातारे आले, अंगावरून वारं गेलेले, एक हात लुळा. बायको गेल्यावर स्वतः रांधतात. ते हसले नाहीत, घेऊन गेले.

गणपतीला येतो म्हणालात ते आबांना सांगितलंय. मखराला रंग दिलाय त्यांनी. काशीबाईलाही सांगितलं मी. सांगायला नको होतं बहुतेक, पण सांगितलं.

लुगडं काढून ठेवलंय.

मालू


रोहा
३० सप्टेंबर १९८५

तुम्ही आला नाहीत. आता निरोप आला, की मशीनची चाचणी होती, साहेबांनी सोडलं नाही.

ऋषीपंचमीची भाजी मी एकटीनं चिरली. अळू, सुरण, भेंडा, सगळं. सुरणानं हात खाजला.

आबा तीन दिवस ओटीवर बसून रस्त्याकडे बघत होते. चौथ्या दिवशी भट्टी पेटवली.

मालू


रोहा
८ फेब्रुवारी १९८७

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही. तुम्हीही नाही. भांडण कुणीच केलं नाही, तरी झाल्यासारखं झालं.

इकडचं सांगते. पेणला आईकडे गेले होते, तेव्हा गणपतीच्या एका कारखान्यात सगुणा भेटली. मूर्तींचे डोळे रंगवते. पोलिओनं एक हात वाळलेला, पण डोळा असा काढते की मूर्ती आपल्याकडे बघते. तिनं विळी बघितली आणि म्हणाली, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? मी म्हटलं, अर्धं माझ्या, अर्धं ठाण्याच्या. ती हंगाम नसताना आता माझ्याकडे असते. लाकडी पाट ती घासते, पॉलिश करते. मातीकामाच्या कोरण्यांचीही मागणी पेणहून येते. आबा आता फक्त पाणी देतात. नजर कमी झालीय, पण लोखंडाचा लाल रंग त्यांना अजून बरोबर दिसतो. घण मारायला माणूस ठेवलाय, काळुराम. चांगला आहे.

रात्री जेवताना आबा सगुणाला तुमच्या गोष्टी सांगतात. उजेडाचं पातं, पाण्याचं पातं, डोळे असलेलं पातं. सगुणानं मला विचारलं, तुझ्या मते पुढं काय येईल? मला वाटतं, सुरी करणारा आधी विचारील, कुणासाठी करायचीय? त्याचा हात कसा आहे? बाकी मग किरण असो की लोखंड.

तुम्हाला हे फार साधं वाटेल.

मालू


रोहा
२० डिसेंबर १९८७

तुमचं कार्ड आलं. मशीन पुरं झालं, साहेब उद्घाटन ठेवतायत, आणि ते माझ्या हातून व्हावं अशी तुमची इच्छा आहे. तुम्ही शपथ पुरी केलीत.

येते. सकाळच्या एसटीनं निघेन. आबांना प्रवास झेपणार नाही, पण त्यांनी मला दोनदा विचारलं, तो येनार ना गो परत तुझ्यासंगती?

तेच लुगडं नेसून येतेय.

मालू


रोहा
१२ जानेवारी १९८८

तुम्ही तिथं होतात, सगळं बघितलंत, तरी माझ्या बाजूनं सांगते. बोलायला आपल्याला वेळच मिळाला नाही.

तुम्ही स्टँडवर घ्यायला आला होतात. केस विरळ झालेत तुमचे. माझी पिशवी घेतलीत आणि डाव्या बाजूनं चाललात. मी पदराखाली उजवा हात ठेवला होता, तो तुम्हाला दिसू नये म्हणून नाही, गार वारा होता म्हणून. तुम्ही विचारलं नाहीत.

कंपनीत मशीनला हार घातला होता. साहेब होते, कामगार होते, गुणाजी होता. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. कातडी ओळखणारं पातं तुम्हाला जमलं नाही, हातमोजे घातले की ते फसायचं. मग तुम्ही उलट विचार केलात, की पात्याला हात ओळखता येत नाही तर हातच पात्यापासून लांब ठेवायचा. दोन बटणं, दोन टोकांना. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच पातं खाली येणार. एक हात काढला की थांबलं. कोपरानं किंवा गुडघ्यानं कुणी चलाखी करू नये म्हणून बटणं खोल नळकांड्यात बसवलेली, बोट घातल्याशिवाय दाबता येणार नाहीत. तुम्ही किती छान सांगत होतात. मला सगळं समजत होतं, आणि समजत होतं म्हणूनच मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं, आता तुमच्या ध्यानात येईल.

तुम्ही म्हणालात, "हे सगलं हिच्यामुलं झालंय. मालू, दाब."

मी डाव्या हाताचं बोट डाव्या बटणात घातलं. मग पदराखालून उजवा हात काढला आणि दुसऱ्या बटणावर ठेवला. तो नळकांड्यावर टेकून राहिला, आत जाणार कसा? तुम्ही माझ्या मनगटाकडे बघितलंत. तेव्हा पहिल्यांदाच बघितलंत.

तुम्ही पुढं झालात, दुसरं मी दाबतो म्हणालात. साहेबांनी अडवलं. दोन माणसांनी एकेक बटण दाबलं तर दोघांचा एकेक हात मोकळा राहतो, तेच तर टाळायचंय, म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. मग त्यांनीच दोन्ही बटणं दाबली. पत्रा कापला, टाळ्या झाल्या, आपल्याला चहा मिळाला.

बटणाचं मला वाईट वाटलं नाही. तुम्हाला सुचलं नाही याचं वाटलं. एवढी वर्षं माझा हात डोळ्यांसमोर ठेवून काम केलं, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. कुठला हात? शेतातला असेल, रक्ताचा. तो तुम्ही रोज बघत राहिलात. मनगटावर संपणारा, कांदा चिरणाऱ्या बाईच्या अंगावरचा हात तुम्ही कधी बघायला आलाच नाहीत.

संध्याकाळी तुम्ही मला स्टँडवर सोडलंत. एसटी सुटल्यावर मला आठवलं, तुमच्यासाठी आणलेली विळी पिशवीतच राहिली. तुमच्या खोलीवर नेणार होते, पण खोलीवर आपण गेलोच नाही.

मशीन चांगलं आहे. हे मी रागानं लिहीत नाही. खरंच चांगलं आहे.

आबांना सांगितलं, काम आहे त्याला, मागनं येईल.

मालू


रोहा
१५ ऑगस्ट १९८८

तीन पत्रांना उत्तर नाही. गुणाजी म्हणतो, बरे आहात, कामावर येता. मग ठीक.

मी तिथं असं काय बोलले? काहीच बोलले नव्हते. पत्रात लिहिलं ते तुम्हाला दुखवायला नव्हतं. जवळ बसून सांगता आलं असतं तर वेगळ्या आवाजात सांगितलं असतं. कागदावर आवाज उतरत नाही.

रेल्वे आता रोह्यापर्यंत येते. प्रवास सोपा झालाय.

मालू


रोहा
१९ मार्च १९९१

आबांच्या दहाव्याला तुम्ही आलात, त्यानंतर हे लिहितेय. तुम्ही घरात होतात तेव्हा माणसं इतकी होती, की पाणी हवंय का एवढंच विचारता आलं.

आबा कसे गेले ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. सकाळी भट्टीवर आले, काळुरामनं कोयता तापवला होता, त्यांनी त्याचा रंग बघितला, म्हणाले, "आता," आणि काळुरामनं पाण्यात घातला. चुर्र आवाज झाला. तो ऐकून ते ओटीवर जाऊन आडवे झाले. मी चहा घेऊन गेले तेव्हा झालं होतं. शेवटच्या दिवसांत तुमचं नाव काढत नव्हते. पण भिंतीवरचं ते चित्र सगुणानं पुसायला काढलं तर तिच्यावर ओरडले होते. ते मी त्यांच्याबरोबर दिलं नाही. ठेवून घेतलं.

दुपारी पंगती चालू असताना तुम्ही मागच्या पडवीत गेलात. मला वाटलं एकटे बसून रडत असाल, म्हणून मी आले नाही. सगळे गेल्यावर बघितलं, तर तिथं ठेवलेल्या विळ्यांचे बोल्ट तुम्ही एकेक करून आवळून ठेवले होते. आमच्या वापरातल्या विळीचा वायसर झिजला होता, तो काढून उलटा घातलात. तेल घातलंत. आता ती आवाज करत नाही.

गुणाजीनं मला एक सांगितलं, जे तुम्ही कधी लिहिलं नाहीत. तुमच्या शेडमध्ये आता सगळ्या मशीनना तशी बटणं आहेत. महिपती म्हणून कुणी आहे, त्याला शिफ्टमध्ये डुलकी लागली, हात पात्याखाली गेला, आणि पातं वरच राहिलं. घाबरून तो खालीच बसला म्हणे. दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी घरनं डबा घेऊन आला. गुणाजी सांगत होता आणि मी ऐकताना रडले. त्याला वाटलं मला माझा हात आठवला. तसं नव्हतं. मला आनंद झाला होता, आणि तो आनंद तुम्हाला सांगायला तुम्ही समोर नव्हतात.

भट्टी मी चालवणार आहे. सगुणा आहे, काळुराम आहे. पुण्याच्या एका संस्थेनं विळ्या मागवल्यात, अपघातात हात गेलेल्या लोकांसाठी. एकजण बोटं नसलेला आहे, मूठ धरता येत नाही, त्याला मनगटाला बांधायची हवी आहे. काय करता येईल ते बघतेय. तुम्हाला विचारलं असतं पूर्वी.

या, असं मी आजवर किती वेळा लिहिलं. आता लिहीत नाही. येऊ नका असंही नाही. घर तुमचंच आहे. पण गाडीच्या वेळेला माझा कान रस्त्याकडे जायचा तो आता जात नाही, आणि तसा जात नाही हे परवा ध्यानात आलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. तुमच्यासाठी का माझ्यासाठी, ते कळलं नाही.

निघताना ओटीच्या पायरीवर चपला घालताना तुमचा तोल गेला. आठवतंय का, ठाऊक नाही. मी शेजारीच उभी होते. मी हात पुढं केला होता.

तुम्ही खांब धरलात.

मालू